ज्यांनी भंडारा उचलला नाही

चिंचवड, १० जुलै १९७८

शालन,

हे पत्र आधी तुझ्या थोरल्या भावाच्या हातात पडणार हे मला ठाऊक आहे. त्यांना माझा रामराम, आणि पत्र न फाडता त्यांनी तुझ्याकडं द्यावं. फाडलंच तर मी दुसरं लिहीन. मला आता लिहायचा कंटाळा उरलेला नाही. येरवड्याला चार वर्षं तुरुंगाच्या शाळेत बसलो. तू म्हणशील, हा आत जाऊन मास्तरासारखं लिहायला शिकला. बोलतो मात्र अजून तसंच.

मी सध्या चिंचवडला लालमहंमदच्या गॅरेजात आहे. आपल्या गावच्या मुलाण्यांचा लालमहंमद, झुलेखाभाभीचा नवरा. तोही दीड वर्ष आत होता, चोरीच्या ट्रकचे भाग विकत घेतले म्हणून. भाग चोरीचे आहेत हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. कंपनीत लागायचा नाद सोडला. गेटावर नाव सांगितलं की म्हणतात, पोलिसांचा दाखला आणा. दाखल्यात काय येणार ते त्यांनाही माहीत आणि मलाही. एका गेटावर मी नको ते बोललो. तिथं आता जाता येत नाही.

संक्रांतीला तू पोरीला कडेवर घेऊन निघालीस तेव्हा म्हणालीस, ज्या गावात माझ्या हातचं हळदीकुंकू कुणी लावून घेत नाही त्या गावात मी राहणार नाही. गावानं तुम्हाला माणसात धरलं की निरोप धाडा, मग बघू.  सहा महिने तेच डोक्यात घोळतंय. गाव माणसात धरतं म्हणजे नक्की काय करतं? सयाजीचा पाय मी मोडला हे खरं. त्यानं बांध कोरला होता हेही खरं, ते मी न्यायाधीशासमोर बोललो आणि आजही बोलेन. सजा झाली, भोगली, संपली. मग अजून काय शिल्लक आहे ते एकदा कुणी तरी सांगावं.

फेब्रुवारीत विधानसभेचं मतदान होतं. मी आपला शाळेत गेलो, रांगेत उभा राहिलो. कारकून म्हणाला, तुमचं नाव नाही. रांगेतली चार माणसं हसली. मला वाटलं, तुरुंगात जाऊन आलेल्याचं मत जन्माचं जातं, तसाच कायदा असेल. परवा गॅरेजात जीप घेऊन एक कारकून आला होता. तो म्हणाला, आत असेपर्यंतच मत नसतं. बाहेर आलास की तुझं मत तुझं, नाव कुणी कापलं असेल तर अर्ज करून परत घाल. हे ऐकल्यापासून मला बसवत नाही. पाना हातात घेतो, खाली ठेवतो, परत घेतो. लालमहंमद म्हणतो, "राव, एका जागी बसा, न्हाय तर घरी जा." घर कुठं आहे मला?

पोरीला बरं आहे ना? एक ओळ लिही.

मारुती


चिंचवड, ६ ऑगस्ट १९७८

शालन,

तुझं कार्ड आलं. "पोरगी बरी आहे. पत्रं पाठवू नका." दोन ओळी लिहिल्यास, मी एकच मागितली होती. म्हणून हे पाठवतो.

आम्ही पौडला मामलेदार कचेरीत जाऊन आलो. मी, लालमहंमद आणि कोंडाजी. कोंडाजी तुला आठवेल, ओढ्याकाठी दारूची भट्टी लावायचा तो. त्याला दोनदा सजा झाली. आता फाउंड्रीत ठेकेदाराकडं वाळूची पोती वाहतो आणि दारूला शिवत नाही, पण गावात त्याला अजून कुणी घरात घेत नाही. कचेरीत कळलं की आमची तिघांची नावं 'गावात राहत नाहीत' म्हणून कापलीत. सांगणारे कोण, तर आपले सरपंच उद्धवराव. म्हणजे आम्ही आत होतो, म्हणून गावात नव्हतो, म्हणून गावचेच नाही. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी टेबलावर हात आपटणार होतो, तेवढ्यात लालमहंमदनं माझी बाही धरली आणि गोड आवाजात साहेबाला म्हणाला, "साहेब, घरपट्टी आमच्याकडनं भरून घेतात. ती कोण ऱ्हातंय म्हणून घेतात?" साहेब हसला आणि अर्ज घेतले.

तुझं नाव यादीत तसंच आहे. ते कुणाला कापायचं सुचलं नाही.

आता रविवारी गॅरेजात आमच्यासारखी सजा भोगलेली माणसं यायला लागलीत. पुनावळ्याचे दोघं आले. ताथवड्याचा सोनबा आला, म्हातारा माणूस, भावकीच्या मारामारीत सात वर्षं काढून आलेला. तो अर्जावर अंगठा द्यायला तयार होईना. त्याला वाटतं, सरकारच्या कुठल्याही कागदावर नाव चढलं की पोलीस परत हजेरीला बोलावणार. मी त्याला दोन तास समजावलं. मला दोन तास एका जागी बसलेला बघून लालमहंमदला हसू आवरेना. शेवटी सोनबानं अंगठा दिला आणि मला म्हणाला, "पुन्हा आत गेलो तर तुलाबी संगं नेईन."

मी हे सगळं तुला का लिहितोय? तू म्हणालीस, गावानं माणसात धरलं की निरोप धाडा. गाव काही आपण होऊन धरणार नाही. पंचायतीची निवडणूक येतेय. त्या दिवशी शाळेत सगळ्या गावासमोर माझं नाव वाचतील, बोटाला शाई लावतील आणि कोर्टात माझ्याविरुद्ध साक्ष दिलेला हिंदुराव, उद्धवराव सगळे तोंड मिटून बघत राहतील. मग मी तुला निरोप धाडीन.

मारुती


चिंचवड, १ ऑक्टोबर १९७८

शालन,

नावं आली. तिघांचीही. मी यादीवर बोट ठेवून वाचली आणि कोंडाजीला पेढा दिला. पण पेढा खाऊन होत नाही तोवर कळलं की निवडणूकच होणार नाही.

झालं असं. उद्धवरावांनी भैरवनाथाच्या देवळात बैठक बोलावली. गावात तंटा नको, निवडणूक बिनविरोध करायची, जागा बसून वाटून घेऊ असं ठरलं. मग देवापुढं सगळ्यांनी बेलभंडारा उचलला, की ठरलेल्या माणसांखेरीज कुणीही अर्ज भरणार नाही. तुला माहीतच आहे, आपल्याकडं भंडारा उचलल्यावर कुणाची छाती होत नाही मागं फिरायची. म्हणजे जेवढ्या जागा तेवढेच अर्ज, आणि मतदान नाही. दोन महिने मी पौडच्या वाऱ्या केल्या त्या कशाला? यादीत नाव घेऊन काय चाटायचंय?

मी डोक्यात राख घालून गावात निघालो होतो. लालमहंमदनं गॅरेजचं दार लावलं आणि आडवा उभा राहिला. म्हणाला, "तुमी जावा, हाणा कुणाला तरी, आन् परत आत जावा. उद्धवरावाला तेच पायजे." मी बाकावर बसलो आणि मला रडायला आलं. खरंच सांगतो, गॅरेजात, सगळ्यांसमोर.

झुलेखाभाभी डबा घेऊन आली होती. तिनं डबा ठेवला आणि विचारलं, "देवळात तुमा तिघांला बोलवलं व्हतं का?" मी म्हणालो, आमाला कोण बोलवतंय? आमी काय माणसांत हाय का? ती म्हणाली, "मग तुमी भंडारा उचलला न्हाई." मी म्हणालो, न्हाई. "आन् बायांला बोलवलं व्हतं?"

बायांना कोण बोलावतं देवळातल्या बैठकीला?

शालन, मी तिच्याकडं बघतच राहिलो. सगळं गाव शपथेनं बांधलेलं, आणि मोकळं कोण, तर ज्यांना गावात धरत नाहीत ते आणि बायका. आम्हाला उभं राहता येत नाही, सुटून पाच वर्षं झाली पाहिजेत असा कायदा आहे. पण सूचक म्हणून सही करता येते. आणि बायकांच्या जागेसाठी उद्धवरावांनी आपल्या भावजयीचं नाव ठरवलंय. एक अर्ज जास्त आला की मतदान घ्यावंच लागतं.

मी भाभीला म्हणालो, माझ्या मनात शालन हाय. तिचं नाव यादीत हाय. ती उभी ऱ्हाईल तर? भाभी म्हणाली, "तिला इचारा. पर तिनं तुमाला पत्र पाठवू नका म्हणून लिवलंय, आन् तुमी तिला निवडणुकीला उभं करताय." मग तीच म्हणाली, "मी भरते."

काल अर्ज भरला. सूचक म्हणून खाली माझी सही आहे. सही नीट आली नाही, पण साहेबांनी चालवून घेतली. लालमहंमद बाहेर उभा राहून नखं खात होता. भाभी एकदम शांत. कचेरीतून निघताना म्हणाली, "आता गावात दळण कुनी दळून देनार न्हाई. चिंचवडलाच दळून आणा."

मतदान बावीस तारखेला, रविवारी. तू ये. माझ्यासाठी नको येऊस, तुझं मत आहे म्हणून ये.

मारुती


चिंचवड, १० ऑक्टोबर १९७८

शालन,

हे तुला सांगावं की नको असा दोन दिवस विचार केला. सांगतो.

उद्या अर्ज मागं घ्यायची शेवटची मुदत आहे. परवा उद्धवराव गॅरेजात आले. स्वतः. बाकावर बसले, चहा प्यायले, लालमहंमदला म्हणाले जरा बाहेर जा. मग मला म्हणाले, "मारुती, बाबा, तू आमचाच. माझा पाव्हणा पिंपरीच्या कंपनीत ठेकेदार हाय. परवाच्या दिवशी कामावर घेतो, दाखला बिखला कुनी मागनार न्हाई. वरसात पर्मनंट. कंपनीच्या चाळीत खोली. बायकोला घिऊन ये, पोरीला तिथल्या शाळेत घाल. गावात यायचीच गरज न्हाई तुला. त्या मुलाण्याच्या बायकोला तेवढं सांग, अर्ज काढून घे म्हणावं. तुझं ती ऐकंल."

शालन, मी नाही म्हणालो नाही. खोली म्हणाले तेव्हा मला खोलीच दिसायला लागली. तू त्यात बसलेली, पोरगी दारात. पिंपरीत कोणाला सयाजी माहीत नाही, कोणाला माझी सजा माहीत नाही. तू म्हणालीस त्या गावात राहणार नाही, तर न राहता राहायची ही सोय आयती दारात चालून आलेली. मी म्हणालो, बघतो.

संध्याकाळी भाभीकडं गेलो. ती भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती थापायची थांबली नाही. म्हणाली, "काढून घेते. सकाळी जाऊन काढून घेते, मारुतीभाऊ. बायको घरी येत आसंल तर मी आडवी येनार न्हाई. पर कोंडाजीला तुमीच सांगा. त्यानं मतासाठी नवा सदरा शिवायला टाकलाय."

मी कोंडाजीकडं जायला निघालो. फाउंड्रीच्या गेटापर्यंत गेलो. आत घंटा झाली, शिफ्ट सुटली, माणसं बाहेर यायला लागली. कोंडाजी दिसला. त्यानं मला हात केला. मी त्याला विचारलं, सदऱ्याचं कापड कुठनं घेतलंस? त्यानं दुकान सांगितलं. आणि मी परत आलो.

भाभीला सांगितलं, अर्ज ऱ्हाऊ दे, आणि उद्धवरावांना निरोप दिला, जमणार नाही.

आता तू मला शिव्या घाल. तुझ्या भावांना हे वाचून दाखव, तेही घालतील. खोली हातची गेली. गावही मिळेल की नाही कोण जाणे. आता बावीस तारखेला तू आली नाहीस तर मी कुणासाठी काय केलं ते मलाच कळणार नाही.

मारुती


चिंचवड, २३ ऑक्टोबर १९७८

शालन,

तू आली नाहीस.

दुपारपासून मी फाट्याकडं एक डोळा ठेवून होतो. एस.टी. आली की मान वर. उतरायचे ते कोणी तरी दुसरेच. रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण रागावलोय. चाकणजवळचं तुझं माहेर काही विलायतेत नाही. आंबेठाणहून सकाळी निघालं तर दहाला गावात पोचता येतं.

कोंडाजीची पहिली शिफ्ट सुटेपर्यंत थांबून आम्ही तिघं तीनच्या सुमाराला शाळेत गेलो. कोंडाजी नवा सदरा घालून पुढं. कारकुनानं त्याचं नाव वाचलं. तेवढ्यात उद्धवरावांच्या बाजूनं एजंट म्हणून आत बसलेला हिंदुराव उठला आणि म्हणाला, "हरकत हाय. ह्या माणसाला आमी वळखत न्हाई. हा गावचा न्हाई." हिंदुराव आणि कोंडाजी एका बैलगाडीत बसून जत्रेला गेलेत लहानपणी. साहेबांनी रांगेकडं बघून विचारलं, "ह्यांना कोण ओळखतं?"  मी तोंड उघडलं तर साहेब म्हणाले, तुम्ही नाही, तुमचाच नंबर पुढं आहे, दुसरं कोणी. सगळी रांग छताकडं बघत राहिली. कोंडाजी सरळ बाहेर पडला आणि ओढ्याच्या वाटेला लागला.

मग माझं नाव. परत हिंदुराव उठला. परत हरकत. साहेबांनी परत विचारलं, ह्यांना कोण ओळखतं? मी मुठी आवळून उभा. मनात म्हणालो, आता मी ह्याला उचलून आपटणार आणि परत आत जाणार, होऊ दे काय व्हायचं ते. तोच रांगेच्या मागून काठीचा आवाज आला. सयाजी.

कोर्टातल्या निकालानंतर मी त्याचं तोंड बघितलं नव्हतं. पाय ओढत पुढं आला. साहेबांना म्हणाला, "मी वळखतो. माझा पाय ह्यानंच मोडला. चुलतभाऊ हाय माझा, मारुती. ह्याला मी न्हाई वळखायचा तर कोन वळखनार?" हिंदुराव म्हणाला, सयाजी, गप बस. सयाजी त्याला म्हणाला, "तू कोर्टात बोटानं दावलावतास न्हवं ह्यालाच? तवा बरा वळखलास."

साहेबांनी माझ्या बोटाला शाई लावली. सयाजी माझ्याकडं न बघता म्हणाला, "भांडण मिटलंय आसं समजू नगो. बांध माझाच हाय." मी म्हणालो, न्हाई, माझा हाय. आणि आत जाऊन शिक्का मारला. 

बाहेर आलो तो पळत ओढ्यावर गेलो. कोंडाजी सदरा काढून दगडावर बसला होता. ओढत आणला. ह्या वेळी साहेबांनी विचारल्यावर रांगेतून मागचा एक जण हळूच म्हणाला, मी ओळखतो. मग अजून एक. लालमहंमदच्या वेळी कुणी हरकत घेतलीच नाही.

आज मोजणी झाली. भाभी पडली. उद्धवरावांची भावजय आली. भाभीला जेवढी मतं पडली तेवढी आमची, आमच्या घरांची मिळून भरत नाहीत. म्हणजे भंडारा उचललेल्या घरांतूनही पडलीत. ती हसत होती. मला मात्र हसू येत नव्हतं. गावानं माणसात धरलं असं मी तुला लिहिणार होतो. ते लिहिता येत नाही. सयाजीनं ओळखलं एवढंच लिहितो.

तू आली नाहीस.

मारुती


चिंचवड, २४ ऑक्टोबर १९७८

शालन,

कालचं पत्र पेटीत टाकलं नाही. ते ह्याच पाकिटात घालतो. लिहिलेलं फाडायची मला सवय नाही, वाचून तुला राग आला तर येऊ दे.

सकाळी भाभी डबा घेऊन आली. मी तुझ्याविषयी काही तरी वाकडं बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तिनं डबा बाकावर आपटला आणि म्हणाली, "तिनं सांगू नका म्हनून शपथ घातलीया. पर तुमचं तोंड ऐकून मी ती मोडते."

मग तिनं सांगितलं. तू सकाळीच आलीस, पोरीला घरी ठेवून. बायांच्या रांगेत उभी राहिलीस. तुझ्या पुढची मागं वळली नाही, तुझ्या मागची दोन हात लांब उभी राहिली. कारकुनानं विचारलं, नवऱ्याचं नाव? आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, मागची बाई सांगते, रांगेत सगळ्या एकमेकींची सांगत होत्या. तुझ्या वेळी मागची गप्प. तिच्या मागचीही गप्प. भाभी उमेदवार, तिला आत बोलायची परवानगी नव्हती, ती दारात उभी राहून तळमळत होती. कारकून वैतागला. म्हणाला, बाई, नाव सांगा नाही तर बाजूला व्हा, रांग खोळंबलीय.

आणि तू सांगितलंस. मारुती रखमाजी. कारकुनाला ऐकू आलं नाही म्हणून परत, मोठ्यानं. भाभी म्हणते, पुरुषांच्या रांगेपर्यंत गेलं. उद्धवराव वळून बघायला लागले. सयाजी तिथंच ओट्यावर काठी टेकून बसला होता, त्यानंही ऐकलं. मग तू मत दिलंस, भाभीनं पाणी पुढं केलं ते न पिता फाट्याकडं गेलीस. जाताना तिला म्हणालीस, "मत द्यायला आलते. त्यांच्याकडं न्हाई आलते."

बरं. तसंच समजतो.

लग्नाला अकरा वर्षं झाली, शालन. तुझ्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नाही. घेतलंस तेव्हाही मी तिथं नव्हतो. सकाळपासून मी गॅरेजात फेऱ्या मारतोय.  लालमहंमदनं माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि एस.टी.चं वेळापत्रक विचारून आला.

तू गेल्याला नऊ महिने झाले, मी नुसती पत्रं लिहितोय, ये म्हणतोय. आंबेठाणला एकदाही आलो नाही. तुझ्या भावांची भीती वाटत होती, तुझीही. गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघतो. घरात घेऊ नकोस हवं तर, मी ओट्यावर बसेन, पोरीला बघेन, संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. तुझे भाऊ दारात येतील, मला बघतील आणि आत वळून विचारतील, कोण आलंय म्हणून.

तू सांग.

मारुती